"मस्तीत केलं रे मामा": अठराच्या आतली मुलं, मोबाईल आणि कायदा

रात्री पावणेअकराला ताईचा फोन आला, "तू आत्ता घरी ये, फोनवर नाही सांगता येणार." डोंबिवली पूर्व ते पश्चिम म्हणजे काही फार लांब नाही, पण पोटात गोळा घेऊनच गेलो. तिथे बघतो तर भाचा (नववीत, नुकतंच पंधरावं लागलेलं) सोफ्याच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला, दाजी त्याचा मोबाईल हातात धरून भराभर डिलीट मारत सुटलेत आणि ताई मागे उभी राहून सांगतेय, "आधी सगळं काढून टाका, मग बघू."

झालेलं असं, की वर्गातल्या एका मुलीचा गॅदरिंगच्या डान्समधला फोटो होता, त्यात एका स्टेपला ती वाकलेली, भाच्याने तेवढाच भाग कापून व्हॉट्सॲपचं स्टिकर केलं, वर एक घाणेरडी ओळ टाकली आणि मुलांच्या ग्रुपवर सोडून दिलं. ग्रुपमध्ये अडतीस जण. हसणारे इमोजी आले धडाधड. दोन दिवसांनी कोणीतरी तोच फोटो डीपीला लावून त्या मुलीच्या नावाने इन्स्टावर फेक अकाउंट काढलं, ते याने काढलेलं नव्हतं, पण फोटो कुठून फिरला हे सगळ्यांना माहीत होतं. मुलीच्या वडिलांचा फोन येऊन गेला होता. उद्या पोलीस स्टेशनला जातोय म्हणाले.

भाचा एवढंच म्हणाला, "मस्तीत केलं रे मामा."

त्या रात्री त्या घरात दोन मतं होती. दाजींचं म्हणणं, अठराच्या खालचा आहे, काही होत नाही, उगाच घाबरू नका. ताईचं म्हणणं, संपलं, आता रेकॉर्ड झालं, पुढे पासपोर्ट नाही नोकरी नाही. मी वकील नाही, पण कॉलेजची एक मैत्रीण ठाण्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करते, तिला दुसऱ्या दिवशी गाठलं आणि मग पुढचे पंधरा दिवस कायदा वाचत बसलो. तर ताई आणि दाजी दोघंही चुकीचे होते. कसे ते सांगतो.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. आपल्याकडे "अल्पवयीन आरोपी" म्हटलं की डोक्यात पुण्याचं कल्याणीनगर येतं, मे २०२४, पोर्शे गाडी, दोन तरुण जीव गेले आणि बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्या निबंधावर अख्खा महाराष्ट्र चिडला होता, मी पण. पण त्यामुळे झालं काय, की लोकांच्या मनात बसलंय, बाल न्याय मंडळ म्हणजे निबंध लिहा आणि घरी जा. (त्याच दिवसांत "हा बघा तो मुलगा रॅप करतोय" म्हणून एक व्हिडिओ फिरत होता, मला स्वतःला चार ग्रुपवरून आला, आणि नंतर पोलिसांनी सांगितलं तो मुलगा तो नव्हेच. तो फॉरवर्ड करणारे सगळे चांगले चाळिशी-पन्नाशीचे होते. असो.)

आता कायदा. भारतात अठरा पूर्ण नसलेल्या मुलाने गुन्हा केला तर त्याला बाल न्याय अधिनियम, २०१५ लागतो. त्यात मुलाला "आरोपी", "गुन्हेगार" म्हणतच नाहीत, "विधिसंघर्षग्रस्त बालक" म्हणतात. शब्द जड आहे खरा, अर्थ साधा, कायद्याशी भिडलेलं मूल. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य गुन्हा धरत नाहीत, सात ते बारामध्ये त्याला आपण काय करतोय ते कळत होतं का हे बघतात, हे पूर्वी भारतीय दंड संहितेत होतं आणि आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २० आणि २१ मध्ये आहे. बारा पूर्ण झाली की "लहान आहे, कळत नाही" हे कारण संपलं. म्हणजे दाजींचं "काही होत नाही" इथेच पडलं, कारण गुन्हा हा गुन्हाच राहतो, फक्त पुढचा रस्ता वेगळा असतो.

तो रस्ता असा. गुन्ह्यांचे तीन गट केलेत. जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले किरकोळ, तीन ते सात वर्षांचे गंभीर, आणि ज्यांना किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे ते घोर किंवा अतिगंभीर. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का, हा प्रश्न फक्त या तिसऱ्या गटात येतो, आणि तिथेही मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करतं. मोबाईलवरचे बहुतेक उद्योग या तिसऱ्या गटात बसतच नाहीत. टीव्हीवर "सोळाच्या वर असेल तर जेल" असं जे सरसकट ठोकून देतात ते म्हणून अर्धवट आहे.

मग मोबाईलवरचे उद्योग बसतात कुठे? दुसऱ्याचं नाव-फोटो वापरून फेक अकाउंट काढलं, तर आयटी कायद्याचं ६६सी किंवा ६६डी लागू शकतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कोणाचा खाजगी अवयवांचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय काढला, पाठवला, तर ६६ई, तीन वर्षांपर्यंत किंवा दोन लाखांपर्यंत दंड. अश्लील मजकूर टाकला तर ६७, पहिल्यांदा तीन वर्षं. हे सगळे मुलांच्या बाबतीत "किरकोळ" गटात. कोणाच्या सारखं मागे लागून मेसेज, तिने नाही म्हटलं तरी, ती ऑनलाइन काय करते त्यावर पाळत, तर न्याय संहितेचं ७८, म्हणजे पाठलाग. नाव लपवून धमकी, तर ३५१. आणि समोरची व्यक्ती अठराच्या आत असेल आणि विषय लैंगिक असेल तर पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) येतो, लैंगिक छळाचं कलम ११ आणि १२, तीन वर्षांपर्यंत. भाच्याच्या स्टिकरला मैत्रिणीने सगळ्यात आधी हेच कलम दाखवलं. दाजींचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता, त्यांना वाटत होतं पॉक्सो म्हणजे बलात्कारच.

सगळ्यात जड आयटी कायद्याचं कलम ६७बी. अठराच्या आतल्या मुलामुलींचं लैंगिक चित्रण बनवणं, पाठवणं, डाउनलोड करणं, शोधत बसणंसुद्धा. पहिल्यांदा पाच वर्षांपर्यंत आणि दहा लाखांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा सात वर्षं. हे "गंभीर" गटात जातं. आणि इथे मुलांची एक मोठी गैरसमजूत आहे, की "तिनेच पाठवला होता ना." त्या कलमात अठराच्या आतल्या मुलीने हो म्हटलं म्हणून सुटका असा काही प्रकार नाही. तिने विश्वासाने एकाला पाठवला, त्याने ब्रेकअप झाल्यावर दोघांना दाखवला, त्या दोघांनी सहा जणांना, तर पुढे पाठवणारा प्रत्येक जण आपापल्या पायावर त्या कलमात उभा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पॉक्सोच्या कलम १५ बद्दल मोठा निकाल दिला, असं साहित्य डिलीट न करता, पोलिसांना न कळवता ठेवून देणं कधी गुन्हा होतं हे त्यात सविस्तर आहे, आणि कोर्टाने असंही सांगितलं की याला "चाइल्ड पॉर्नोग्राफी" म्हणू नका, हे मुलांचं शोषण आहे, तसंच म्हणा. मला ते पटलं. पॉर्न शब्दात समोरची मुलगी कलाकार वाटते.

आता ॲपने एआय वापरून चेहरा दुसऱ्याच्या अंगावर चिकटवणं हा नवा प्रकार आलाय, मुलं म्हणतात "पण खरा फोटो नाहीच ना तो". ६७बी मध्ये चित्रण मुलांना अश्लील रूपात दाखवतं का हे बघतात, आणि पॉक्सोच्या व्याख्येत तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कॉम्प्युटरवर बनवलेली, खऱ्या मुलासारखी दिसणारी प्रतिमाही सरळ लिहिलेली आहे. खोटा आहे म्हणून सुटलो हे चालत नाही.

दुसरी बाजू पण सांगायला हवी. ऑनलाइन वाईट बोलणं म्हणजे प्रत्येक वेळी गुन्हा नसतो. आयटी कायद्यात ६६अ नावाचं कलम होतं, "त्रासदायक", "चीड आणणारं" काहीही टाकलं की अटक. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतर मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती, एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्यावरून देशभर गदारोळ झाला, एका कायद्याच्या विद्यार्थिनीने सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द झालं. त्यामुळे "माझ्या मुलाला ग्रुपवर जाड्या म्हणाले, सायबर क्राइम करतो" असं लगेच होत नाही. त्या मुलाला त्रास होतच नाही असं मी म्हणत नाही, होतो आणि भयंकर होतो, पण ते शाळेने आणि आईबापांनी हातात घ्यायचं काम आहे, आणि नेमकं तेच कोणी घेत नाही.

अरे हो, ॲडमिन. भाच्याच्या ग्रुपचा ॲडमिन शेजारच्या विंगमधला मुलगा, त्याची आई रडत आली होती. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलंय की मेंबरने काय टाकलं त्याला ॲडमिन आपोआप जबाबदार होत नाही, दोघांचं आधीच संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. तिला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा पाणी प्यायली.

आता पोलीस. किरकोळ आणि गंभीर गटात मुलावर सहसा एफआयआर होत नाही, पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते, मुलाच्या घरची परिस्थिती, शाळा, सवयी याचा अहवाल बनतो आणि ते सगळं मंडळाकडे जातं (सोबत मोठं माणूस आरोपी असेल तर एफआयआर होतो). पकडायचं ठरलंच तर लॉकअपमध्ये ठेवत नाहीत, बेडी नाही, प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो त्याच्याकडे द्यायचं आणि चोवीस तासांत मंडळापुढे न्यायचं. मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात एक तरी बाई हवीच. हे मंडळ समज देऊन सोडू शकतं, ग्रुप समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, आईबापांना दंड भरायला लावू शकतं, चांगल्या वागणुकीच्या हमीवर देखरेखीखाली ठेवू शकतं, आणि वाटलं तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात पाठवू शकतं. निबंध हा त्यातला नियम नाही बरं का.

ताईच्या भीतीचं उत्तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ मध्ये आहे. या प्रक्रियेतून गेलेल्या मुलाला पुढे त्या कारणाने कुठे अपात्र ठरवता येत नाही आणि अपिलाची वगैरे मुदत गेली की रेकॉर्ड नष्ट करायचं असतं, सोळाच्या वरचा ज्याच्यावर मोठ्यासारखा खटला चालला तो अपवाद. चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ते उघड करायचं नसतं. म्हणजे पासपोर्ट वगैरे काही जात नव्हतं. पण ही सगळी सवलत अठराव्या वाढदिवसाला संपते, रात्री बारा वाजता. जानेवारी २०२२ मधलं बुली बाई ॲपचं प्रकरण आठवत असेल, मुस्लिम बायकांचे फोटो लावून "लिलाव" मांडला होता, मुंबई सायबर पोलिसांनी ज्यांना पकडलं ते कॉलेजच्या वयाचे होते, एक मुलगी अठराची. अठरा म्हणजे थेट मोठ्यांचं कोर्ट, मोठ्यांचं जेल. सतरा वर्षं अकरा महिने असती तर सगळा रस्ताच बदलला असता.

आणि एक गोष्ट जी मुलीच्या वडिलांनाही सांगावी लागली. ते रागाच्या भरात भाच्याचा फोटो आणि नाव सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार होते. त्याच बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा प्रकरणातल्या कुठल्याही मुलाची ओळख, करणाऱ्याची असो की सोसणाऱ्याची, जाहीर करणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी त्यांना हे सांगायला गेलो तेव्हा मलाच ओशाळं वाटलं, म्हणजे आमच्या पोराने हे केलं आणि वर मी त्यांना कायदा शिकवतोय. पण त्यांनी ऐकून घेतलं. चांगला माणूस.

दाजींचं डिलीट करणं ही मात्र त्या रात्रीची सगळ्यात मोठी चूक. बापाची घाबरगुंडी समजू शकतो, पण पुरावा पुसणं हे वेगळंच लफडं होऊन बसतं, आणि शिवाय स्टिकर सदतीस फोनमध्ये आहेच, ते थोडंच जातंय. पुसलं ते फक्त "ग्रुपवर मी चौथ्या मिनिटाला सॉरी म्हणालो होतो" हे, जे भाच्याच्या बाजूचं होतं. त्रास झालेल्या घरासाठी उलट सांगतो: स्क्रीनशॉट घ्या ज्यात तारीख-वेळ आणि युजरनेम दिसेल, प्रोफाइलची लिंक लिहून ठेवा, फोन आहे तसा ठेवा. फक्त नग्न फोटो असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून काकांना, वर्गशिक्षिकेला, वकिलाला पाठवत बसू नका, पाठवणारे तुम्हीच ६७बी मध्ये याल, फोन घेऊन जाऊन दाखवा. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर महिला आणि मुलांबद्दलची तक्रार नाव न देताही करता येते, १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, १९३० मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी. आयटी नियमांप्रमाणे नग्न किंवा तोतयेगिरीच्या फोटोची तक्रार आली की कंपनीला ठराविक तासांत (आधी चोवीस, फेब्रुवारी २०२६ पासून दोन) तो काढायची कारवाई करावी लागते, आणि "टेक इट डाउन" नावाची एक मोफत सोय आहे अठराच्या आतल्या फोटोंसाठी, त्यात फोटो अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा बनतो आणि तेवढाच कंपन्यांकडे जातो. पॉक्सोच्या प्रकारात शाळेलाही "आम्ही आतल्या आत मिटवतो" म्हणता येत नाही, माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत.

आईबाप किती जबाबदार? गाडीच्या बाबतीत २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात ते थेट आहे, मुलाने चालवली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. मोबाईलसाठी तसं कलम नाही, मंडळ दंड भरायला लावेल तेवढंच. कंपन्यांवर आत्ता कुठे बोट जायला लागलंय, ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांची सोशल मीडिया अकाउंट बंद केली, आणि दंड मुलाला नाही, पालकालाही नाही, कंपनीला, जवळपास पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांसाठी पालकांची खात्रीशीर संमती घ्यायला सांगितलीय. बघू.

आणि "मस्तीत" बद्दल. मी आधी ते थापच समजलो होतो. पण मेंदूचा पुढचा भाग, जो "थांब, याने काय होईल" म्हणतो, तो पंचविशीच्या आसपास पक्का होतो, आणि बरोबरची मुलं बघत असतील तर या वयातली पोरं जास्त धोका घेतात हे अमेरिकेत गाडीच्या व्हिडिओ गेमवर प्रयोग करून दाखवलंय, २००५ मध्ये. एकटी खेळणारी त्याच वयाची मुलं बऱ्यापैकी नीट चालवत होती. आता व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे काय, खिशात कायम बघत बसलेले सदतीस मित्र. त्यात समोरच्या मुलीचा चेहरा पडलेला दिसत नाही, वर्गात केलं असतं तर पहिल्या सेकंदाला दिसला असता. याने चूक माफ होत नाही, पण नुसता मोबाईल जप्त करून आणि दोन कानाखाली देऊन त्याला तो चेहरा दिसत नाही हेही तितकंच खरं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. मुलीच्या वडिलांनी तक्रार दिली, दिलीच पाहिजे होती. प्रकरण मंडळापुढे गेलं, समुपदेशन लागलं, दर पंधरा दिवसांनी दाजी कल्याणला रजा टाकून घेऊन जायचे. तिथल्या समुपदेशक बाईंनी भाच्याला एक काम दिलं, स्टिकर कोणाकोणाकडे गेलं त्याची यादी करून प्रत्येकाला स्वतः फोन करायचा आणि काढायला सांगायचं. मेसेज नाही, फोन. त्याने वहीत नावं लिहिली, अकरापर्यंत पोचला, बाराव्याने सांगितलं मी क्लासच्या ग्रुपवर टाकलंय, तिथे दोनशे जण आहेत. त्या दिवशी तो जेवला नाही.

चार महिन्यांनी मला त्याचा फोन, रात्री, ताईचा आला होता साधारण त्याच वेळेला. क्लासच्या कुठल्या तरी ग्रुपवर ते स्टिकर परत आलं होतं, कोणा अनोळखी नंबरवरून. म्हणाला, "मामा, मी स्क्रीनशॉट घेतलाय, डिलीट नाही केलं. तिच्या बाबांना मी सांगू का तू सांगतोस?" म्हटलं तूच सांग. तो फोन चालू ठेवून बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "नंबर दे त्यांचा."